सोशल कॅसिनो खेळ

तीन पत्ती, रमी, पोकर, स्लॉट, रोलेट असे जुगाराचे खेळ मोबाइलवर किंवा संगणकावर खऱ्या पैशांच्या जागी चिप्स लावून खेळले जातात, त्यांना सोशल कॅसिनो खेळ म्हणतात. चिप्स फुकट मिळतात, रुपये देऊन विकतही घेता येतात. मात्र जिंकलेल्या चिप्सचे रुपये कंपनी देत नाही. पैसा आत जातो, बाहेर येत नाही. हा खेळ करमणूक ठरतो की जुगार, हे पत्त्यांवरून ठरत नाही. पैशाला परतीची वाट आहे की नाही, यावरून ठरते. नाशिक जिल्ह्यात ही वाट कंपनीऐवजी बहुधा एजंट उघडून देतो, आणि कायद्याचा खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

खेळाची घडण

ॲप उघडताच काही लाख चिप्स भेट मिळतात. प्रत्येक डाव सुरू होताना बूट, म्हणजे सर्वांनी टाकायच्या सुरुवातीच्या चिप्स, कापला जातो, मग ब्लाइंड (पाने न पाहता खेळणे), चाल, पॅक (डाव सोडणे), शो हा घरातल्या दिवाळीच्या डावासारखाच क्रम चालतो. फरक वेगात आहे. पत्ते पिसण्यात वेळ जात नाही आणि एक डाव मिनिटभरात संपतो. जिंकत गेल्यावर मोठ्या बूटचे टेबल खुले होते. लाखांच्या चिप्स तिथे चार-पाच डावांत संपतात, आणि त्या संपतात त्याच क्षणी पडद्यावर विकतच्या चिप्सचा सवलतीचा पॅक झळकतो. या खेळाची मुख्य कमाई या क्षणावर बेतलेली असते. रोजचा बोनस, लागोपाठ सात दिवस उघडल्याचे बक्षीस, मित्राला बोलावल्याच्या चिप्स ही माणसाला त्या क्षणापर्यंत आणण्याची साधने आहेत.

पत्ते सरळ पडतात का, हे पाहणे मात्र महत्त्वाचे. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी ट्रेल (तिन्ही पाने सारखी) ५२, प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची सलग पाने) ४८, सिक्वेन्स (नुसती सलग पाने) ७२०, कलर (एकाच चिन्हाची, पण सलग नसलेली) १,०९६ आणि जोडी ३,७४४ प्रकारे बनते. उरलेले १६,४४० हात, म्हणजे शंभरातले ७४, नुसते ‘हाय कार्ड’ असतात, त्यांत काहीच जुळत नाही. स्वतःच्या हाताचे २०० डाव कागदावर उतरवले तर सरासरीने ३४ जोड्या दिसाव्यात आणि ट्रेल अर्धाही दिसू नये. एक-दोन ट्रेल आले तर नवल नाही. सात-आठ आले, तर पाने मुद्दाम तापवलेली आहेत, म्हणजे चांगले हात ठरवून जास्त वाटले जात आहेत, असे समजावे. शोमध्ये दिसणारे दुसऱ्यांचे हात या मोजणीत धरू नयेत: कमकुवत हात आधीच पॅक झालेले असतात, त्यामुळे हिशेब चुकतो.

फुकटच्या खेळात पाने तापवण्यात कंपनीचे नुकसान नसते, कारण तिला काही द्यायचेच नसते. नुकसान होते ते खेळणाऱ्याच्या अंदाजाचे. तिथे ‘हात चांगला चालतो’ अशी खात्री घेऊन माणूस रोख खेळात उतरतो, आणि खऱ्या वाटपात शंभरातले ७४ हात रिकामे निघतात. चिप्सच्या खेळाचा हा सर्वांत मोठा धोका आहे, आणि कोणत्याही जाहिरातीत तो सांगितला जात नाही.

रोलेट : नाशिकचा अनुभव

नाशिक शहरात आणि जिल्ह्यात ‘रोलेट’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो कॅसिनोमुळे नव्हे, एजंटांमुळे. एजंट आयडी आणि पासवर्ड देतो, रोख किंवा यूपीआयने पैसे घेऊन ‘पॉइंट’ भरतो, आणि जिंकलेल्या पॉइंटचे पैसे हातात देतो. पडद्यावर कुठेही रुपयाचे चिन्ह नसते. विचारले तर ‘गेम आहे, पॉइंटचा’ असे उत्तर मिळते. ओपन-क्लोजचा आकडा घेणारी मटक्याची साखळीही पूर्वी अशीच खालून वर जात असे. अशा अड्ड्यांवर शहर आणि ग्रामीण पोलिसांनी वेळोवेळी गुन्हे नोंदवले आहेत. द्राक्ष-कांद्याचा पैसा एकरकमी हाती येतो आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला पगार महिन्याला होतो. त्यामुळे उधारीवर पॉइंट देणाऱ्याला वसुलीची तारीख आधीच ठाऊक असते.

रोलेटमध्ये फिरत्या चाकावरच्या आकड्यावर पैसे लावतात. त्या चाकाचे गणित असे. ० ते ३६ मिळून ३७ घरे. एका आकड्यावर १० रुपये लावले आणि आकडा लागला, तर ३६० रुपये मिळतात. ३७ फेऱ्यांत सरासरीने ३७० रुपये जातात आणि ३६० येतात, तूट २.७ टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण ती तूट प्रत्येक फेरीला कापली जाते. मिनिटाला एक फेरी आणि फेरीला १०० रुपये धरले, तर तासाला ६,००० रुपये फिरतात आणि सरासरी १६२ रुपये जातात. चाक प्रामाणिक असेल तेव्हाचा हा हिशेब. बेकायदा सॉफ्टवेअरमधले चाक कोणी तपासलेले नसते.

कायदा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार हा राज्यांचा विषय आहे (राज्यसूची, नोंद ३४). महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा चालतो. कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला, कलम ५ अड्ड्यात सापडणाऱ्याला आणि कलम १२ (अ) सार्वजनिक जागी खेळणाऱ्याला लागते. कलम १३ ने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले, आणि पुढे ऑनलाइन रमीचा धंदा याच आधारावर वाढला. सिन्नरचे आमदार आणि तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला मोबाइलचा व्हिडिओ जुलै २०२५ मध्ये गाजला आणि रमीची चर्चा राज्यभर झाली. त्यांनी रमी खेळत असल्याचा आरोप नाकारला. पुढे त्यांचे खाते बदलले.

केंद्राचा ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा संसदेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने कौशल्य की नशीब हा जुना वादच बाजूला ठेवला. पैसे किंवा ‘इतर पण’ (पण म्हणजे डावावर लावलेली वस्तू) लावून, बदल्यात पैसे वा अन्य लाभ जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा कोणताही खेळ ‘ऑनलाइन मनी गेम’ ठरतो. असा खेळ देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाख, पैशांचे व्यवहार पार पाडणाऱ्यालाही तीन वर्षे आणि एक कोटी अशी कमाल शिक्षा आहे. नुसता खेळणारा शिक्षेस पात्र नाही. कायद्याविरुद्धच्या निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतल्या.

‘ऑनलाइन सोशल गेम’ला याच कायद्यात मोकळीक आहे. वर्गणी किंवा एकदाचे प्रवेशशुल्क घेता येते, फक्त ते पणाच्या स्वरूपाचे नसावे. चिप्सचे पॅक इथेच अडखळतात. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, क्रेडिट यांना कायदा ‘इतर पण’ मानतो. म्हणजे विकत घेतलेली चिप टेबलावर टाकणे म्हणजे पैज लावणेच झाले. बचाव उरतो तो एवढाच की जिंकल्यावर काही लाभ होत नाही. हा बचाव कच्चा आहे. अमेरिकेत नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये बिग फिश कॅसिनोच्या चिप्स वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार ‘मूल्यवान वस्तू’ ठरवल्या, कारण त्यांच्याविना खेळ पुढे चालत नाही. ऑस्ट्रेलियाने २२ सप्टेंबर २०२४ पासून जुगाराची नक्कल असलेल्या नव्या खेळांना खेळणाऱ्याचे वय किमान १८ असण्याची सक्ती केली. भारतात एखादा खेळ कोणत्या गटातला, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग प्राधिकरणाला दिला आहे.

ओळख आणि कारवाई

ॲपमध्ये ‘विथड्रॉ’चे बटण नसले म्हणून निश्चिंत होऊ नये. ॲप प्ले स्टोअरबाहेरून एपीके फाइलने घ्यावे लागते का, चिप्सचे पैसे कंपनीऐवजी कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर जातात का, आणि चिप्स परत घेणारा कोणी व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आहे का, हे पाहावे. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर ॲप कोणतेही असो, तो रोखीचा जुगार आहे.

अशा गुन्ह्यांत पुरावा फार लवकर नाहीसा होतो. आयडी दूरवरून बंद करता येतो, आणि मग जप्त मोबाइलवर नुसते लॉगिनचे पान उरते. म्हणून पंचनाम्यातच चालू पडदा, आयडी, शिल्लक पॉइंट आणि यूपीआयच्या नोंदी टिपाव्या लागतात. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते. टोळीने चालवलेल्या जुगाराला भारतीय न्याय संहितेचे कलम ११२ लागते; त्यात एक ते सात वर्षांची कैद आहे.

फसवणूक झाली असल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तातडीने कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येते. मुलाने पालकाच्या मोबाइलवरून चिप्स घेतल्या असतील, तर प्ले स्टोअरकडे परताव्याची मागणी ४८ तासांच्या आत करणे सोपे जाते.

एजंटच्या उधारीविषयी घरच्यांना सर्वांत कमी माहिती असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असतो आणि त्याची रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या १८६५ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात अशा पैजेला पूरक म्हणून केलेले व्यवहारही शून्य ठरतात. पॉइंटच्या थकबाकीसाठी लिहून घेतलेली चिठ्ठी न्यायालयात टिकत नाही, आणि त्या चिठ्ठीच्या जोरावर धमकावणाऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार देता येते.