ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल: लेव्हल कशी बघतात आणि गाडी आदल्या संध्याकाळी का सोडायची

इंजिन ऑइल अर्ध्या तासात बदलून होतं, मग गिअरबॉक्सला अख्खी सकाळ कशाला? आणि गाडी आदल्या संध्याकाळी आणून का ठेवायची? ऑटोमॅटिक गाडीचं बुकिंग करताना हे दोन प्रश्न हमखास येतात. काउंटरवर घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा इथे नीट लिहून देत आहोत.

आधी एक खुलासा. हे पत्रक टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकसाठी आहे: क्रेटा-व्हर्नाचा ६-स्पीड, इनोव्हा क्रिस्टाचा ६-स्पीड, व्हेंटो-रॅपिडचा १.६ पेट्रोल ऑटोमॅटिक, झेडएफ या जर्मन कंपनीचा ८-स्पीड बसवलेल्या मोठ्या गाड्या. मारुतीच्या एजीएसमध्ये (आपोआप गिअर बदलणारी सोय) मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, त्याला गिअर ऑइल लागतं. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) ऑइल तर पूर्ण निराळं. त्यामुळे फोनवर नुसतं ‘ऑटोमॅटिक आहे’ न सांगता मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगा, म्हणजे योग्य डबे मागवून ठेवता येतात.

स्टिक का नाही?

जुन्या ऑटोमॅटिकला डिपस्टिक असायची. तिचेही नियम कंपनीगणिक वेगळे. टोयोटात इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम असताना ‘हॉट’च्या खुणांमध्ये बघायचं, तर होंडात इंजिन गरम करून बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं. नव्या बहुतेक गाड्यांत स्टिकच नाही. तिच्या जागी लेव्हल बोल्ट असतो. घराच्या गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो, तशी ही रचना आहे. ठरलेल्या उंचीच्या वर ऑइल असेल तर ते बाहेर येतं, खाली असेल तर काहीच येत नाही. मात्र ही उंची तीन अटींवरच खरी धरायची: गाडी सपाट उभी, इंजिन चालू, आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला.

सगळ्यात महागात पडणारी चूक

इंजिन बंद ठेवून लेव्हल बोल्ट उघडणं. आमच्याकडे ‘गाडी डीमध्ये उशिरा पकडते’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत हे पुन्हा पुन्हा दिसतं.

इंजिन चालू असताना गिअरबॉक्सचा पंप चेंबरमधलं (तळाच्या भांड्यातलं) ऑइल उचलून टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वाटून गिअर बदलणारा भाग) आणि कूलरच्या लाइनमध्ये खेळवत असतो. कंपनीने लेव्हलची उंची या अवस्थेला धरून ठरवलेली असते. इंजिन बंद केलं की त्यातलं बरंच ऑइल हळूहळू चेंबरमध्ये परत उतरतं आणि तिथली पातळी चढते. अशा वेळी बोल्ट उघडला की ऑइल धो धो येतं. बघणाऱ्याला वाटतं जास्त भरलं होतं, चला, कमी झालं. प्रत्यक्षात बरोबर असलेल्या गिअरबॉक्समधून लिटर-दीड लिटर ऑइल निघून गेलेलं असतं.

मग काय होतं? सकाळी पीमधून डी टाकल्यावर गाडी क्षणभर थांबते आणि झटका देऊन पकडते. चिखलदऱ्याच्या घाटात वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, आरपीएम चढतो पण गाडी उचलत नाही. हवा मिसळलेलं ऑइल दाबलं जातं, त्यामुळे क्लचवर पुरेसा दाब येत नाही. क्लच घसरतात, तापतात, ऑइल काळं पडून जळका वास येतो. हे फार दिवस चाललं तर नुसतं ऑइल घालून भागत नाही, गिअरबॉक्स उघडावा लागतो.

याची उलट बाजूही आहे. काही ठिकाणी बोल्ट उघडतात, काही येत नाही, आणि ‘गळत नाही म्हणजे ठीक आहे’ म्हणून बंद करतात. काही न येणं म्हणजे ऑइल कमी असणं. भरण्याच्या तोंडातून घालत राहायचं, खालून धार लागेपर्यंत. ती धार बारीक होत थेंबांवर आली की बोल्ट लावायचा.

तापमानाचं गणित

ऑइल तापलं की फुगतं. सात लिटर ऑइल ५० अंशांनी तापलं तर साधारण पाव लिटरने वाढतं. समृद्धीवरून सलग चालवून आणलेल्या गाडीत ऑइल ९०च्या घरात असतं. त्या वेळी लेव्हल जुळवली तर थंड झाल्यावर ती तेवढी कमी भरते. पाव लिटर ऐकायला थोडं वाटतं आणि एकट्या या चुकीने गिअरबॉक्स बसत नाही. पण इंजिन बंद ठेवण्याच्या चुकीत ती मिसळली की फरक मोठा होतो. शिवाय ९० अंशांचं ऑइल मेकॅनिकच्या हातावरून खाली येतं, हा मुद्दा आमच्यासाठी लहान नाही.

थंड असताना जुळवलं तर उलट होतं. ऑइल जास्त भरलं जातं, तापल्यावर फिरणाऱ्या भागांना लागून घुसळलं जातं, फेस होतो आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या छिद्रातून) बाहेर येतं. गिअरबॉक्स वरून ओला दिसतो आणि मालकाला वाटतं सील गेलं.

प्रत्येक गिअरबॉक्सची मर्यादा वेगळी आहे. ह्युंदाईच्या ६-स्पीडला ५० ते ६० अंश. व्हेंटो-रॅपिडच्या ६-स्पीडला ३५ ते ४५. झेडएफच्या ८-स्पीडला ३० ते ५०. आता नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. दुपारी दोनला अंगणात नुसत्या उभ्या असलेल्या व्हेंटोचं ऑइल चाळिशी ओलांडून बसलेलं असतं. इंजिन सुरू करून गिअर फिरवेपर्यंत ४५ पार. म्हणून एप्रिल ते जून ही कामं आम्ही सकाळी सातलाच लावतो, आणि त्यासाठी गाडी आदल्या संध्याकाळी लागते. रात्रभर थंड झालेली गाडीच आमच्या उपयोगाची असते.

हे तापमान आम्ही स्कॅनरवर थेट गिअरबॉक्सच्या सेन्सरमधून वाचतो. काही ग्राहक मोबाइलला जोडायचं स्वस्त उपकरण दाखवून ‘८५ झालं’ म्हणतात. ते बहुधा इंजिनच्या कूलंटचं तापमान असतं. उभ्या गाडीत कूलंट लवकर तापतो, गिअरबॉक्सचं ऑइल बरंच मागे असतं.

सकाळभर आम्ही काय करतो

गाडी चारही चाकांनी सारखी उचलतो आणि पाणसळ लावून बघतो. पुढून जॅक लावून केलेलं काम आम्ही लेव्हल धरत नाही. ऑइल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट सैल करून घेतो. तो अडकलेला निघाला आणि खालून ऑइल आधीच काढलेलं असेल तर गाडी जागेवर खिळते.

मग ड्रेन. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजतो. ह्युंदाईच्या ६-स्पीडमध्ये एकूण सात लिटरच्या आसपास ऑइल असतं, त्यातलं एका वेळी निम्म्याच्या आसपास निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. व्हेंटोत बोल्ट काढल्यावर आत एक उभी नळी असते, ती ५ मिमीच्या ॲलन कीने उघडावी लागते. ती न काढता ‘एवढंच निघालं’ म्हणून तेवढंच भरलेल्या गाड्या येतात. ती परत बसवायची राहिली तर लेव्हल बघताना सगळं नवं ऑइल ट्रेमध्ये येतं.

चेंबरच्या चुंबकावर राखाडी, मऊ पेस्ट असणं नेहमीचं. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर काम थांबवून तुम्हाला फोन करतो.

निघालं तेवढं नवं ऑइल भरलं म्हणजे काम झालं, असं आम्ही मानत नाही. जुनी लेव्हल बरोबर होती याची खात्री कोण देणार? तेवढं भरून वर थोडं जास्त घालतो, इंजिन सुरू करतो, ब्रेक दाबून सिलेक्टर पीपासून डीपर्यंत सावकाश दोनदा फिरवून आणतो. एक जण स्कॅनरकडे, दुसरा बोल्टपाशी. मर्यादेत आल्यावर बोल्ट उघडतो, जास्तीचं जाऊ देतो, नवा वॉशर घालून टॉर्क रेंचने कसतो. थंडीत नुसतं तापमान चढण्यासाठी बराच वेळ थांबावं लागतं. बिलातला मजुरीचा मोठा भाग या थांबण्याचा आहे.

जुनं ऑइल फार काळं असेल तर थोडं चालवून दुसऱ्यांदा ड्रेन करायचा सल्ला देतो. एकदा बदलल्यावर निम्मं नवं असतं, दोनदा बदलल्यावर पाऊण. ऑइल ज्याचं त्यालाच: ह्युंदाईला एसपी-४, क्रिस्टाला डब्ल्यूएस. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ लिहिलेला डबा आणलात तर तो आम्ही घालणार नाही. सीलबंद डबे तुमच्यासमोर फोडतो आणि उरलेलं ऑइल तुम्हालाच देतो.

‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नाही’ असं ऐकून अनेक जण लाखभर किलोमीटर काढतात. झेडएफ स्वतः आपल्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांत बदल सुचवते. विदर्भाचा उन्हाळा आणि शहरातलं थांबत-चालत ड्रायव्हिंग बघता आम्ही ६० हजारांना सांगतो.

काम झाल्यावर बिलासोबत एक चिठ्ठी मिळेल: किती लिटर निघालं, किती भरलं, किती अंशांना लेव्हल घेतली. ती गाडीत ठेवा, पुढच्या वेळी कुठल्याही गॅरेजला उपयोगी पडेल. ५०० किलोमीटरनंतर गाडी घेऊन या, बोल्ट आणि गॅस्केटपाशी गळती आहे का ते दहा मिनिटांत मोफत बघून देतो. पण त्या भेटीत ‘लेव्हल पण एकदा बघून टाका’ म्हणू नका. गाडी चालवत आलेली असेल, ऑइल तापलेलं असेल. तशी शंका असेल तर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत किल्ली देऊन जा.