थबकलेल्या पायांना ताल

पार्किन्सन्स झालेला माणूस उंबरठ्यापाशी अडतो. ओसरीपर्यंत बरा चालत आलेला असतो, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. अंग पुढे झुकतं, टाचा उचलल्या जातात, पाऊल मात्र पडत नाही. मागून कोणीतरी म्हणतं, "आबा, उचला ना पाय!" घाईने हात ओढला तर आबांचा तोलच जातो. त्याऐवजी शेजारी उभं राहून "एक-दोन, एक-दोन" म्हटलं किंवा टाळीचा ठेका धरला, तर पुष्कळदा अडलेलं पाऊल सुटतं. हे पाहून घरच्यांना शंका येते, की आबा मुद्दाम तर करत नाहीत ना? मुद्दाम काहीच नसतं.

या आजाराचं पहिलं नीट वर्णन जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ मध्ये केलं. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात, पण थरथर हा त्याचा फक्त एक भाग आहे. मेंदूच्या तळाकडे काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं अशा सवयीच्या हालचाली विचार न करता होतात, त्या डोपामिनवर चालणाऱ्या यंत्रणेमुळे. पेशी मरत गेल्या की आतून सुटणारा हा हुकूम अडखळतो. स्नायूंत ताकद असते, इच्छाही असते, पण सुरुवात होत नाही.

ठोका बाहेरून, कानावाटे आला तर मेंदूला दुसरी वाट सापडते. लहान मेंदू आणि हालचालींची आखणी करणारे इतर भाग त्या तालाला पाऊल जुळवून देतात. मेंदूची छायाचित्रं घेऊन केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे, की माणूस अगदी निश्चल पडून नुसता ताल ऐकत असला तरी त्याच्या मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात. ढोल वाजला की बसल्या जागी पाय हलू लागतो, त्याचं मूळ इथे आहे. १९९६ मध्ये संशोधक मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांकडून तीन आठवडे घरच्या घरी ठेक्यावर चालण्याचा सराव करून घेतला. त्यांचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला आणि पाऊल १२ टक्क्यांनी लांब पडू लागलं.

नाच याच्याही पुढे जातो. त्यात थांबणं, पुन्हा निघणं, मागे पाऊल टाकणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणं हे सगळं येतं, आणि आजारात नेमकं हेच बिघडलेलं असतं. म्हणूनच अमेरिकेतल्या संशोधकांनी टँगो हा नाच निवडला. २००९ च्या त्यांच्या अभ्यासात नाचणाऱ्या रुग्णांचा तोल सुधारला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी वर्ग चालवले आहेत. आपल्या पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असेच वर्ग घेतले. हे अभ्यास बहुतेक लहान आहेत, काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे. नाचाने आजार बरा होत नाही आणि गोळ्या सुटत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण गोळी तोल फारसा सावरू शकत नाही, आणि तिथे ताल कामाला येतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारला यासाठी टँगो आणायची गरज नाही. श्रावणात कानबाई देवी बसते, रोट खायला सगळी भाऊबंदकी जमते, रात्रभर गाणी चालतात. सातपुड्यात होळीला भिल्ल-पावरा मंडळी हातात हात गुंफून ढोलावर पाऊल टाकतात. शेजाऱ्याचा आधार त्या नाचातच आहे. अशा वेळी आजारी माणसाला आपण कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतो आणि प्रसादाची ताटली हातात देतो. पडू नये ही काळजी खरी आहे. पण सतत बसून स्नायू झिजतात, सांधे आखडतात, पडण्याची भीती वाढते, आणि त्या भीतीने माणूस आणखी बसून राहतो. मला हे फार जाचतं, कारण सुरुवात त्याच खुर्चीतून करता येते. ब्रुकलिनचे वर्गही खुर्चीत बसूनच सुरू होतात. आधी टाळ्या, मग खांदे, मग पाय आपटणं, आणि जमलं तर धरून उभं राहणं.

ठेका निवडताना आधी त्या माणसाची मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजावं आणि ताल तेवढाच ठेवावा. तो अंगवळणी पडला की पाच ते दहा टक्क्यांनी वाढवावा. वरातीतला बँड यासाठी फार द्रुत असतो. डफ किंवा घरातला टाळ पुरतो. गोळीचा असर असतो ती वेळ धरावी. फुगडी आणि जागच्या जागी गिरकी नको, कारण वळतानाच पाय सर्वांत जास्त अडतात. मोठा वळसा घेऊन वळावं.

गाण्याचा उपयोग वेगळ्या आजारात होतो. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या कितीतरी बायांना दम लागण्याचा जुनाट आजार जडतो. त्यात आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. घाईने श्वास घेतला तर ती आणखी कोंडते. ओवी म्हणताना श्वास चटकन आत घेऊन सावकाश, लांबवर सोडावा लागतो. फुप्फुसांच्या व्यायामात हेच शिकवतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या मुलखात जात्यावरच्या ओव्या अजून आठवणाऱ्या आज्या आहेत. त्यांना म्हणायला बसवावं, सोबत नातींनाही.

सिकलसेलच्या बाबतीत मात्र वेगळा विचार हवा. नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार बराच आढळतो. त्यात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. शरीरातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, थंडी यांनी हा त्रास भडकतो, आणि होळीच्या रात्रभर चाललेल्या नाचात तिन्ही एकत्र येऊ शकतात. अशा मुलामुलींनी नाचूच नये असं नाही. पाण्याची बाटली जवळ असावी, दमण्याआधीच बसावं, घाम आलेल्या अंगावर पांघरूण घ्यावं. खुब्यात दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं, कारण या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. वेदना सुरू झालीच, तर ढोल सोडून थेट दवाखाना गाठावा.