एकाच वायरवर आठ थर्मामीटर

होम ऑटोमेशनचा नाद लागलेल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी फोंड्याकडच्या एकाने फोनचा स्क्रीनशॉट टाकला. माळ्यावरचं तापमान 85 अंश, तेही भर पावसात, अपरात्री. लगेच सल्ले सुरू झाले. शॉर्टसर्किट बघा, स्वस्तातला माल आहे, फेकून द्या, वगैरे. एकाने तर माळ्याच्या ईशान्य कोपऱ्यात काय ठेवलंय याची चौकशी केली. सेन्सरला दिशा कळत नाहीत हो, त्याला फक्त व्होल्टेज कळतं!

पणजीचा पारा मे महिन्यातसुद्धा सहसा 33-34 च्या आसपास असतो. कौलांखालचा माळा त्याहून तापतो हे खरं, पण पावसात 85? हा आकडा मोजलेला नव्हताच. त्या माळ्यावर तापमान मोजणाऱ्या सेन्सरची चिप डीएस18बी20 नावाची. तिला वीज मिळाली की तिच्या स्मृतीत आधी 85 हीच किंमत भरलेली असते. खरं तापमान मोजायला तिला पूर्ण बारीक मोजणीत 750 मिलिसेकंद लागतात. त्याआधीच विचारलंत, किंवा मध्येच क्षणभर वीज गेली, तर ती बिचारी हातात असलेलं 85 देऊन मोकळी होते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा ये-जा करते ते सांगायला नको. तेव्हा नेमकं 85 आलं तर ते वाचन गाळा. काही प्रोग्रॅममध्ये उणे 127 दिसतं, त्याचा अर्थ सेन्सरने उत्तरच दिलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. अनेकांना वाटतं की आठ सेन्सर लावायचे तर कंट्रोलरपर्यंत, म्हणजे त्यांचे आकडे गोळा करणाऱ्या बोर्डापर्यंत, माहितीच्या आठ वायरी ओढाव्या लागतील. गरज नाही. वीज, ग्राउंड आणि डेटा अशा तीन तारांची एकच केबल घरभर फिरवा आणि हवे तिथे सेन्सर जोडत जा. आठही जण डेटाच्या एकाच तारेवर बोलतात.

मग गोंधळ कसा होत नाही? ही डेटाची तार 4.7 किलोओहमच्या एका रेझिस्टरने वर, म्हणजे पुरवठ्याच्या 3.3 व्होल्टला, टांगलेली असते. कोणीही तिला खाली, शून्याकडे ओढू शकतं, वर ढकलू मात्र कोणीच शकत नाही. एकाने ओढली तरी तार खाली, सगळ्यांनी सोडली तरच वर. ‘0’ म्हणायचं तर ओढायची, ‘1’ म्हणायचं तर सोडून द्यायची. सगळी गंमत या एका नियमात आहे.

प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच 64 बिटांचा, म्हणजे 64 शून्य-एकांचा, क्रमांक कोरलेला असतो. पहिले 8 बिट जातीचे, पुढचे 48 तिचे स्वतःचे, शेवटचे 8 पडताळणीचे. 48 बिटांत 281 लाख कोटींहून जास्त क्रमांक बसतात. एकेक हाक मारून बघायची म्हटलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून कंट्रोलर देवाला कौल लावावा तसं करतो, एका वेळी एकच प्रश्न आणि उत्तर डावं की उजवं एवढंच. फरक इतकाच, की इथला कौल कितीदाही लावा, उत्तर तेच येतं.

तो सगळ्यांना म्हणतो, आपापला पहिला बिट सांगा, आणि लगेच त्याच्या उलटाही सांगा. सगळ्यांचा बिट 0 असेल तर तारेवर आधी 0 मग 1 येतो. सगळ्यांचा 1 असेल तर आधी 1 मग 0. दोन्ही वेळा 1 आला तर तारेवर कोणीच नाही. आणि दोन्ही वेळा 0 आला तर? काहींचा 0 आहे, काहींचा 1, दोन्ही खेपेला कोणीतरी तार ओढली! इथे फाटा फुटला. कंट्रोलर एक वाट निवडून ती तारेवर जाहीर करतो. ज्यांचा बिट जुळत नाही ते पुढच्या रीसेटपर्यंत, म्हणजे कंट्रोलर सगळ्यांना नव्याने हाक देईपर्यंत, गप्प बसतात. असं 64 वेळा केलं की एकच चिप बोलत उरते आणि तिचा अख्खा क्रमांक हाती येतो. पुढच्या फेरीत शेवटच्या फाट्यापर्यंत तोच रस्ता, तिथून दुसरी वाट. आठ चिप, आठ फेऱ्या. एका फेरीला साधारण 15 मिलिसेकंद. कोट्यवधी कोटी शक्यतांमधून आठ नावं डोळ्याचं पातं लवेपर्यंत सापडतात.

पुढचं काम सोपं. ईएसपी32 सारखा छोटा बोर्ड हाच आपला कंट्रोलर. तो तापमानाचे आकडे वायफायवरून, एमक्यूटीटी या निरोप पोचवायच्या पद्धतीने, होम असिस्टंट या घर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला पाठवतो. माळा तापला की एक्झॉस्ट फॅन, टाकीतलं पाणी गरम झालं की फोनवर निरोप, हे नियम तिथे लिहायचे. अ‍ॅपमध्ये 28.4375 असा आकडा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. ही चिप 0.0625 अंशाच्या पायऱ्यांनी आकडा देते, पण तिची हमी घरगुती तापमानांना अर्ध्या अंशाची आहे. खोक्यावर ‘एआय’ छापल्याने त्यात फरक पडत नाही. घामटपणा तर ती मोजतच नाही, त्यासाठी आर्द्रतेचा सेन्सर वेगळा घ्यावा लागतो.

जोडणीत इथला खरा शत्रू खारी, दमट हवा. स्टीलच्या नळीतला सेन्सर वॉटरप्रूफ म्हणून विकतात, पण पाणी शिरतं ते केबल नळीत घुसते त्या तोंडातून किंवा उघड्या सांध्यातून. सांधे पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करा, वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी, नळी चढवा. आणि कोणता क्रमांक कुठल्या सेन्सरचा हे माळ्यावर चढायच्या आधीच ठरवा. सगळे टेबलावर मांडा, एकेक मुठीत धरा आणि स्क्रीनवर कोणाचा आकडा चढतो ते बघा. त्या क्रमांकाची शेवटची चार अक्षरं चिठ्ठीवर लिहून पारदर्शक हीटश्रिंकखाली सरकवा. नुसतं मार्करने लिहिलेलं पावसाळ्याअखेर वाचता येत नाही.