राम दरबाराचा '१८१८' चा आणा: खरं काय?

'एका बाजूला राम दरबार, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल असलेलं नाणं लाखो रुपयांना जातं,' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आजीच्या देव्हाऱ्यात असं नाणं सापडलं की विश्वास बसणं साहजिकच आहे.

पण त्यावर छापलेली किंमतच वाचा: 'वन आना'. कंपनीने 'वन आना' छापलेलं नाणं चलनात आणलंच नव्हतं. तांब्याचा अर्धा आणा होता, चांदीचे दोन आणे होते. तसं एक आण्याचं नाणं आलं ते १९०७ मध्ये, तेही तांबे-निकेलचं. म्हणजे हे चलन नव्हेच, पूजेसाठी नंतर पाडलेली नाण्यासारखी चकती आहे. देव्हाऱ्यात तिचा मान आहे तसाच राहू द्या, फक्त तिच्यासाठी पैसे मोजू नका.

कंपनीचं दुसरं एखादं जुनं नाणं हाती आलं, तर 'लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल' हेही खरं नाही. पितळेलाही ते चिकटत नाही. त्यापेक्षा नाणं नागपूरच्या इतवारी बाजारातल्या ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवा. १८३५ चा अस्सल अर्धा आणा सुमारे १२.९ ग्रॅम, रुपया ११.६६ ग्रॅम. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, पण जड भरलं तर शंका घ्याच. मग भिंगातून कड बघा. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेवर बऱ्याचदा बारीक सांध्याची रेघ दिसते, अक्षरंही साबण विरघळल्यासारखी गुळगुळीत असतात. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी पायथ्याशी धारदार राहतात.