घरगुती दारावर स्मार्ट कुलूप बसवणे

घराच्या मुख्य दारावर बोटाचा ठसा, अंकी कोड, कार्ड किंवा मोबाइल यांनी उघडणारे आणि बॅटरीवर चालणारे कुलूप कारागिराकडून बसवून घेण्याचे काम. यात दोन कौशल्ये एकत्र येतात: सुतारकाम आणि इलेक्ट्रॉनिक जोडणी. पुण्यात कंपनीचा तंत्रज्ञ सहसा इलेक्ट्रॉनिक जोडणीतच तरबेज असतो आणि दार कोरण्याचे काम वेगळे धरले जाते. कुलूप पुढे नीट चालणार की दर पावसाळ्यात अडणार हे मात्र सुतारकामावर ठरते. ॲपमधील बिघाड ॲपमधूनच दुरुस्त होतो. चौकटीत चार मिलिमीटर खाली गेलेली खाच तशी दुरुस्त होत नाही.

पुण्यातील फ्लॅटसंस्कृतीत मुख्य दाराला नाइट लॅच (दार ओढताच आपोआप लागणारे कुलूप), आतून टॉवर बोल्ट (सरकती खिट्टी) आणि बाहेरून अल्ड्रॉप (टाळे लावायची आडवी कडी) अशी योजना दीर्घकाळ रूढ होती. किल्ली आत राहून दार ओढले गेले की ‘लॅच लागले’ आणि शेजाऱ्यांच्या घरी बसून राहायचे, हा अनुभव बहुतेक घरांना आहे. कुलपाच्या आत आजही बहुधा तोच पिन-टम्बलर सिलिंडर (किल्लीच्या दात्यांनी आतल्या पिना उचलल्या की फिरणारा गाभा) असतो, ज्याला लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात आजचे रूप दिले. अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना सुरू केला. किल्लीऐवजी बदलता येणारे कार्ड ही कल्पना नॉर्वेच्या टोर सोर्नेस यांनी १९७० च्या दशकात हॉटेलांसाठी आणली. घरगुती डिजिटल कुलपे सर्वांत आधी दक्षिण कोरियात सर्वत्र पसरली. पुण्यात ती आता बाणेर, बालेवाडी, खराडी, हिंजवडी या भागांतील नव्या इमारतींत बिल्डरनेच बसवून दिलेली आढळतात. कोथरूड, सहकारनगरसारख्या जुन्या भागांत ती नंतर बसवली जातात आणि खरे कौशल्य तिथेच लागते.

कुलपाचे प्रकार

वरून बसणारे कुलूप (रिम लॉक) दाराच्या आतल्या पृष्ठभागावर स्क्रूने बसते. दारातून फक्त तारेचे किंवा स्पिंडलचे (हँडलसोबत फिरणाऱ्या सळीचे) एक भोक आरपार जाते. जुन्या नाइट लॅचच्या जागी ते तासाभरात बसते. दाराच्या पोटात बसणाऱ्या मॉर्टाइज कुलपासाठी झडपेच्या (दाराच्या फळीच्या) कडेतून खोल खाच कोरावी लागते. त्याचा बोल्ट (चौकटीत शिरणारा दांडा) लाकडाच्या मध्यातून निघत असल्याने ते अधिक मजबूत असते, मात्र चुकीला वाव देत नाही. तिसरा प्रकार गोल भोकात बसणाऱ्या डेडबोल्टचा, म्हणजे स्प्रिंगशिवाय सरकणाऱ्या बोल्टचा. तो अमेरिकी दारांसाठी बनला आहे आणि पुण्यात क्वचित दिसतो.

बाजारात मिळणाऱ्या मॉर्टाइज स्मार्ट कुलपांत ‘६०६८’ मापाची पेटी (दारात बसणारा, यंत्रणा असलेला धातूचा डबा) फार प्रचलित आहे. तिच्यात दाराच्या कडेपासून स्पिंडलपर्यंतचे अंतर ६० मिमी आणि स्पिंडल ते सिलिंडर मध्य-ते-मध्य अंतर ६८ मिमी असते. जुन्या भारतीय-युरोपीय पेट्यांत हे दुसरे अंतर बहुधा ८५ मिमी असते. म्हणजे जुन्या मॉर्टाइजच्या खाचेत नवी पेटी तशीच बसेल ही अपेक्षा चुकीची आहे. जुनी भोके भरून घ्यावी लागतात किंवा ती झाकेल इतक्या लांब पट्टीचे मॉडेल निवडावे लागते.

दाराची तपासणी

कुलूप विकत घेण्याआधी दार मोजले पाहिजे. प्रत्यक्षात क्रम बहुतेक वेळा उलटा असतो आणि खोके उघडल्यावर दार पातळ असल्याचे कळते. बहुतांश मॉर्टाइज मॉडेलांना किमान ३५ मिमी जाडी लागते. जुन्या सोसायट्यांतील फ्लश (सपाट पृष्ठभागाची) दारे ३० मिमीची असू शकतात. ३५ मिमीच्या दारात १८ मिमी रुंद खाच कोरली की दोन्ही बाजूंना जेमतेम साडेआठ मिमी लाकूड उरते. खाच मध्यापासून तीन मिमी सरकली तर एका बाजूला साडेपाचच उरते आणि हँडलचे स्क्रू आवळताना सनमायका फुगतो. जाडी मोजताना व्हिनियर, सनमायका आणि नंतर लावलेली सजावटीची पट्टी धरावी आणि दाराची कड तीन ठिकाणी मोजावी.

झडप कशाची आहे हे ठोकून कळते. भरीव आवाज असेल तर आत लाकडी ठोकळे आहेत. पोकळ आवाज आला तर कुलपाच्या जागी आतून कठीण लाकडाचा ठोकळा सरसाने बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण स्क्रूला धरायला काहीच नसते. दिलह्यांच्या (चौकटीत बसवलेल्या फळ्यांच्या) सागवानी दारात उभी पट्टी पुरेशी रुंद आहे का ते पाहावे. पेटीची खोली साधारण ८५ ते ९० मिमी असते. पट्टी त्याहून फार रुंद नसेल तर दिलह्याचा सांधाच कापला जातो. पेठांतील वाड्यांची दोन झडपांची, अडसराची दारे मॉर्टाइजसाठी नाहीतच. तिथे वरून बसणारे कुलूप घ्यावे, तेही एक झडप वर-खाली खिट्टीने पक्की करता येत असेल तरच. शंभर वर्षांचे सागवान कुलपासाठी पोखरणे हे वाईट काम आहे.

नव्या उंच इमारतींत काही मुख्य दारे अग्निरोधक म्हणून प्रमाणित असतात आणि बिजागरीच्या कडेला तशी पट्टी लावलेली असते. अशा दारात मनाने भोक पाडले की त्या प्रमाणाला अर्थ उरत नाही. आधी दार बनवणाऱ्याची परवानगी विचारावी.

पुण्यात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो सेफ्टी डोअरमुळे. मुख्य दार आणि जाळीचे दार यांच्यातील मोकळी जागा कित्येकदा ६० ते ७० मिमीच असते, आणि बाहेर येणारे हँडल तेवढेच असते. दोन्ही दारे बंद करून ही जागा हँडलच्या उंचीवर मोजावी. ती कमी पडत असेल तर हँडल नसलेले, ढकलून-ओढून चालणारे सपाट मॉडेल घ्यावे किंवा सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्या सरकवाव्यात.

शेवटी बिजागऱ्या. दार अर्धे उघडून टोकाला वर उचलून पाहावे. खडखडले तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बदलून लांब घालावेत. लोंबलेल्या दारावर कुलूप बसवले तर बोल्ट स्ट्राइक प्लेटच्या (चौकटीवर बसवलेल्या, बोल्ट ज्यात शिरतो त्या धातूच्या पट्टीच्या) खालच्या कडेवर घासतो. मोटरला जोर लावावा लागतो आणि वर्षभर चालणारे सेल काही आठवड्यांत संपतात. ग्राहक मग कुलपालाच दोष देतो.

बसवण्याचा क्रम

हँडलची उंची जमिनीपासून साधारण १००० ते १०५० मिमी ठेवतात. घरात लहान मुले किंवा चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती असेल तर ती थोडी खाली घ्यावी. गुण्याने (काटकोन मापायच्या साधनाने) दाराच्या कडेवर आणि दोन्ही अंगांवर एकच आडवी रेघ मारून घ्यायची. भोकांच्या जागा दाखवणारा कागदी टेम्पलेट त्या रेघेवर चिकटवायचा. टेम्पलेटच्या घडीची रेघ दाराच्या कडेशी तंतोतंत जुळली नाही तर ६० मिमीचे अंतर ५८ होते आणि स्पिंडल पेटीत तिरका बसतो. भोकांच्या जागी आधी चिकटपट्टी लावून तीन मिमीच्या बिटने खुणेची भोके पाडतात.

खाच आधी, आरपार भोके नंतर. उलट केले तर खाच कोरताना बिट भोकात घसरतो. कडेच्या मध्यरेषेवर एकाला एक लागून भोके पाडायची, मग पटाशीने भिंती साफ करायच्या. मॉर्टाइज जिग (ड्रिल सरळ धरणारा साचा) असल्यास काम सरळ आणि लवकर होते. पेटी हाताने ढकलून बसली पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेली पेटी आतून दाबली जाते आणि लॅच (दार लावताच आपोआप अडकणारी तिरकी जीभ) अडकू लागते. आरपार भोके दोन्ही अंगांनी अर्धी-अर्धी पाडावीत. एकाच बाजूने पाडली तर पलीकडचा सनमायका उपटून निघतो आणि तो डाग कुलपाच्या पट्टीखाली झाकला जाईलच असे नाही. खाचेतील कच्च्या लाकडाला सीलरचा एक हात द्यावा. बहुतेक जण हे टाळतात, आणि पावसात दमट हवा शिरायला तीच वाट मिळते.

पेटी बसवण्याआधी लॅचची तिरकी बाजू दार बंद होण्याच्या दिशेला आहे का ते पाहून ती उलटवून घ्यायची. हँडलची डावी-उजवी दिशाही याच वेळी ठरवायची. स्पिंडल दाराच्या जाडीनुसार कापायचा. तो दोन-तीन मिमी जास्त लांब राहिला तर हँडल खाली दाबल्यावर परत वर येत नाही. सिलिंडर बाहेरच्या पट्टीपासून तीन मिमीहून जास्त पुढे येऊ देऊ नये. पुढे आलेला सिलिंडर पकडीत धरून मोडता येतो.

यानंतर तार. बाहेरच्या भागातून आत येणारी बारीक तार पेटीच्या वरून, स्क्रूच्या वाटेपासून दूर न्यायची, प्लग खटकन बसेपर्यंत दाबायचा आणि उरलेली तार आतल्या भागाच्या खाचेत गुंडाळायची. दोन पट्ट्यांमध्ये चेंगरलेली तार हा बसवतानाचा सर्वांत नेहमीचा दोष आहे. अशी तार पहिल्या दिवशी चालते आणि महिन्याभराने अधूनमधून बंद पडू लागते. शेवटचे स्क्रू हाताने आवळावेत. इम्पॅक्ट ड्रायव्हरने (धक्के देत आवळणाऱ्या विजेच्या पेचकसाने) आवळले की पट्ट्या वाकतात आणि हँडल जड होते.

स्ट्राइक प्लेटची जागा अंदाजाने ठरवू नये. बोल्टच्या टोकाला खडू लावून, दार बंद करून, किल्लीने बोल्ट चौकटीवर टेकवावा. उमटलेल्या खुणेभोवती एक-दीड मिमी मोकळीक ठेवून खाच करावी. खाच बोल्टच्या पूर्ण लांबीइतकी खोल हवी. ती उथळ राहिली तर बोल्ट पूर्ण बाहेर येत नाही, मोटर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि कुलूप इशारा देत राहते. प्लेटचे स्क्रू चौकटीच्या सागवानात खोल गेले पाहिजेत. सोबत आलेले आखूड स्क्रू लाथ मारणाऱ्याला अडवू शकत नाहीत, त्यांच्याऐवजी ५० मिमीचे घालावेत. पुण्याच्या बोहरी आळीतील दुकानांत असे स्क्रू सहज मिळतात.

सगळ्या चाचण्या दार उघडे ठेवून करायच्या. कोड, ठसा, कार्ड, किल्ली, आतले हँडल, प्रत्येकाने दहा-दहा वेळा बोल्ट आत-बाहेर करावा. दार पहिल्यांदा बंद करताना एक माणूस किल्ली घेऊन बाहेर उभा असावा. बंद दारात बोल्ट दार न ढकलता सरकला पाहिजे. ढकलावे लागत असेल तर काम पूर्ण झालेले नाही.

पावसाळा आणि लाकूड

पुण्यात मार्च-एप्रिलची हवा अत्यंत कोरडी असते आणि जून ते सप्टेंबर दमट. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, म्हणजे दार रुंदीत वाढते. एप्रिलमध्ये चोख बसवलेले कुलूप जुलैत घासू लागते ते यामुळे. उन्हाळ्यात काम करताना दार व चौकट यांत कुलपाच्या बाजूला तीन मिमी फट ठेवावी. दाराची वरची आणि खालची कड बहुधा पॉलिशविना राहिलेली असते, तीही सील करून घ्यावी. पावसाळ्यात फुगलेले दार रंधून घेण्याची घाई केली तर हिवाळ्यात फट रुंदावते आणि बोल्टची पकड कमी होते. आधी स्ट्राइक प्लेट कानशीने थोडी मोठी करावी, रंधा शेवटचा उपाय.

कडेवरच्या पॅसेजमध्ये पावसाची झड थेट दारावर येत असेल तर बाहेरच्या भागामागचे रबर नीट बसले आहे ना ते पाहावे. सहसा असे कुलूप उघड्या पावसासाठी बनलेले नसते. बंगल्याच्या दाराला वर छज्जा नसेल तर आधी तो करून घ्यावा.

नोंदणी आणि रोजचा वापर

कारखान्यातून आलेला मुख्य कोड तंत्रज्ञ निघण्यापूर्वी, त्याला दिसणार नाही असा, घरच्या माणसाने बदलावा. प्रत्येकाची निदान दोन बोटे नोंदवावीत, एक डाव्या हाताचे. भांडी घासून किंवा वयामुळे रेषा झिजलेल्या बोटांचा ठसा सेन्सर पटकन ओळखत नाही. आजी-आजोबांना कोड किंवा कार्ड सोबत द्यावे. स्वयंपाकाच्या मावशींना त्यांच्या वेळेपुरता चालणारा वेगळा कोड देता येतो. गणपतीत किंवा घरातल्या कार्यात माणसांची ये-जा असते तेव्हा आपोआप बंद होण्याची सोय तात्पुरती थांबवावी.

वाय-फाय मॉडेले बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जोडणी होत नाही. वीज गेली तरी कुलूप सेलवर चालू राहते, थांबतो तो दुरून उघडण्याचा मार्ग. सेल अल्कलाइन, एकाच वेळी सगळे नवे आणि एकाच कंपनीचे घालावेत. १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेल घातले तर शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो. सेल पूर्ण संपले तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा यूएसबीने तात्पुरती वीज देता येते. ती जागा घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावी. यांत्रिक किल्ली घराबाहेर, विश्वासाच्या नातेवाइकाकडे ठेवावी. कपाटात ठेवलेली किल्ली बाहेर अडकलेल्याच्या कामाची नसते.

मुले परदेशी आणि आई-वडील एकटे, अशी घरे पुण्यात खूप आहेत. तिथे रात्री आतून टॉवर बोल्ट लावण्याची सवय सोडावी लागते. आतले माणूस पडले तर बाहेरच्याकडे कोड असूनही टॉवर बोल्ट दार उघडू देत नाही. हीच गोष्ट कुलपाच्या आतल्या दुहेरी बंदीची, ती काही मॉडेलांत बाहेरचे सर्व कोड रोखते. बाहेरून कोणत्या किल्लीने वा कोडने ती उघडते हे बसवतानाच विचारून घ्यावे आणि करून पाहावे.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये लीव्ह अँड लायसन्स करार संपताना फक्त कोड बदलणे पुरत नाही. आधीच्या भाडेकरूचे ठसे, कार्डे आणि ॲपमधील मालकी तशीच राहते. आधी ॲपमधून कुलूप त्याच्या खात्यातून काढायला लावावे, मग कुलूप कारखाना स्थितीला आणावे, मग नवी नोंदणी करावी. ॲपमधील मालकी आधी सोडवली नाही तर काही कुलपे नव्या मोबाइलला जोडणी नाकारतात आणि गेलेल्या भाडेकरूला फोन करत बसावे लागते.