अरुंद छिद्रांच्या पोलादी भागांवरील निकेल विलेपन

बारीक छिद्रे असलेल्या लहान पोलादी भागांना गंजापासून वाचविण्यासाठी त्यांच्यावर निकेलचा पातळ, सलग थर चढविण्याची क्रिया. झडपा, तोट्या, आटे पाडलेले जोड यांसारख्या भागांत ओल छिद्रातच साचून राहते आणि तेथे पुसायलाही काही पोहोचत नाही. त्यामुळे मुलाम्याची खरी परीक्षा आतल्या भिंतीवर होते.

जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने थर खरचटला तरी ते स्वतः झिजून पोलाद राखते. निकेलचे तसे नाही. ते लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्यामुळे थरात सूक्ष्म रंध्र राहिले, तर ओलाव्यात तेथील उघडे पोलाद धनाग्र (विद्युत् रासायनिक क्रियेत झिजणारे टोक) बनते आणि नेमके त्या ठिकाणी खोल गंजत जाते. अर्धवट मुलामा हा काही वेळा मुलामा नसण्यापेक्षाही वाईट ठरतो, तो यामुळेच.

निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक अम्ल यांच्या विद्रावातून विजेच्या साहाय्याने विलेपन करण्याची पद्धत ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ मध्ये मांडली व ती आजही प्रचलित आहे. मात्र विद्युत् प्रवाह कडा आणि उंचवट्यांकडे एकवटत असल्याने छिद्राच्या तोंडाशी जाड थर बसतो आणि आत जावे तसा तो विरळ होतो. छिद्रात तारेचे सहायक धनाग्र बसविता येते, पण शेकडो बारीक भागांसाठी हा उपाय व्यवहार्य नाही.

अशा कामासाठी विजेविना केलेले रासायनिक विलेपन अधिक योग्य होय. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधील एबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल हे नळ्यांच्या आतल्या बाजूस विजेने मुलामा देण्याच्या खटपटीत असताना विद्रावातील सोडियम हायपोफॉस्फाइटमुळे विजेच्या हिशेबापेक्षा जास्त निकेल बसते, असे त्यांना आढळले. १९४६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. सुमारे ९० अंश सेल्सिअस तापमानाच्या अम्लीय विद्रावात हायपोफॉस्फाइट निकेलच्या आयनांचे क्षपण करते, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातुरूपात आणते, आणि बसलेला थर पुढील क्रियेचा उत्प्रेरक ठरतो. ताजा विद्राव पोहोचेल तेथे जवळजवळ सारख्याच जाडीचा निकेल–फॉस्फरस थर तयार होतो.

विद्राव पोहोचवणे हेच येथे अवघड असते. क्रियेत हायड्रोजनचे बुडबुडे निघतात; एका बाजूने बंद असलेल्या छिद्रात ते अडकले की तेथे मुलामा बसत नाही. म्हणून छिद्राचे तोंड वर ठेवून भाग टांगतात किंवा ते सतत हलते-फिरते ठेवतात. त्याआधी छिद्रातील तेल व धातूचा कीस श्राव्यातीत तरंगांनी काढणे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर, विशेषतः अम्लात बुडविल्यावर, भरपूर पाण्याने धुणे आवश्यक असते; आत राहिलेले अम्ल नंतर पाझरून आतूनच गंज आणते. धुण्यात केलेली घाई पुढे कितीही जाड थर दिला तरी भरून निघत नाही.

२५ मायक्रोमीटर थराने छिद्राचा व्यास ५० मायक्रोमीटरने घटतो, म्हणून यंत्रावर छिद्र पाडतानाच तेवढी सूट ठेवावी लागते. उच्चबल पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होत असल्याने विलेपनानंतर लवकरच ते सुमारे २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवितात. बाह्य पृष्ठावरील रंध्रे पोटॅशियम फेरिसायनाइडच्या चाचणीत निळ्या ठिपक्यांनी उघड होतात. छिद्राच्या तळाशी किती थर बसला हे पाहण्यासाठी मात्र नमुन्याचा एखादा भाग उभा कापून त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.