ऑपरेशनआधी स्मरणशक्तीची परीक्षा का?

अपस्माराच्या ऑपरेशनआधी मानसतज्ज्ञ रुग्णाला शब्दांची यादी पाठ करायला लावतात, गोष्ट ऐकवून अर्ध्या तासाने परत विचारतात. घरचे गोंधळतात. फिट थांबवायच्या आहेत, मग पाठांतर कशाला?

याचं उत्तर बहुतेक जण हेन्री मोलेसनच्या कहाणीत शोधतात. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये विल्यम स्कोव्हिल यांनी या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या अवयवाचा, मोठा भाग दोन्ही बाजूंनी काढला. फिट कमी झाल्या, पण नवी आठवण काही टिकेना. जेवण झालं, हेही तो थोड्या वेळात विसरे. २००८ मध्ये तो वारला, तोवर जगाला तो फक्त 'एच. एम.' म्हणून माहीत होता. मात्र दोन्ही बाजू काढणं हा प्रयोगच होता आणि तो पुढे सोडून दिला गेला. आजच्या रुग्णाला जास्त लागू पडते ती कॅनडातल्या माँट्रियलची हकिकत, जी फार कमी सांगितली जाते.

तिथे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड एकाच बाजूचा टेम्पोरल लोब, म्हणजे कानशिलाजवळचा हिप्पोकॅम्पस असलेला मेंदूचा भाग, काढत. स्मृती सहसा शाबूत राहत असे. पण 'पी. बी.' नावाने नोंदलेल्या एका इंजिनिअरची डावी बाजू काढल्यावर त्याचीही नवी स्मृती गेली. आणखी एका रुग्णाचं तसंच झालं. ब्रेंडा मिल्नर या तरुण संशोधिकेने त्यांना तपासलं. तिचा आणि पेनफिल्ड यांचा तर्क असा, की या दोघांची उजवी बाजू आधीपासूनच निकामी असावी. म्हणजे आपण नकळत एकमेव चालता हिप्पोकॅम्पस काढला. १९५५ मध्ये त्यांनी हे मांडलं. ते वाचूनच स्कोव्हिल यांनी संपर्क साधला आणि मिल्नर एच. एम.ला तपासायला गेली. त्यातून निघालेला स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा लेख १९५७चा.

पी. बी. १९६४ मध्ये वारला. शवविच्छेदनात उजवा हिप्पोकॅम्पस खरंच आक्रसलेला निघाला.

आपली चूक उघडपणे मांडणाऱ्या या लोकांचं मला फार मोल वाटतं. 'दुसरी बाजू भार पेलेल का?' हे आधी पाहायची रीत त्यातूनच रुजली. डॉक्टर जुहन वाडा यांनी मेंदूची एक बाजू काही मिनिटं औषधाने झोपवायची पद्धत भाषेसाठी शोधली होती, मिल्नरने तिला स्मृतीची तपासणी जोडली. आता बराचसा अंदाज एमआरआय आणि लेखी-तोंडी चाचण्यांवरून येतो. डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर नावं, शब्द, ऐकलेलं बोलणं आठवायला जास्त जड जातं. आणि काढलेला हिप्पोकॅम्पस जितका निरोगी, तितकं नुकसान मोठं.